सोन्याच्या बेटावरील दोन शोकसभा

जपानच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे समुद्रात सादो नावाचे एक बेट आहे. निइगाता बंदरातून आगबोटीने तेथे पोहोचावयास अडीच तास लागतात. या बेटावर २०२४ च्या नोव्हेंबरात लागोपाठ दोन दिवस दोन शोकसभा भरल्या. स्मरण करावयाचे ते एकाच खाणीत राबलेल्या माणसांचे. पण सभा दोन. २४ तारखेची सभा जपानी मंडळींची. तीत कोरियन पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, कारण आपण येत नसल्याचे दक्षिण कोरियाच्या सरकारने आदल्याच दिवशी कळविले होते. २५ तारखेची सभा कोरियनांची. खाणीवरच्या कोरियन मजुरांचे जेथे एके काळी वसतिगृह होते त्या जागी त्यांच्या वारसांनी ती भरविली. वर्षभरात हा दुरावा काही मिटला नाही. २०२५ सालीही जपानची सभा सप्टेंबरात आणि कोरियाची नोव्हेंबरात, अशा वेगळ्याच झाल्या.

ग्वाल्हेरच्या एका संगीतशिक्षकाने हा परमुलखातला तंटा या पानावर कशासाठी आणावा, असे वाचक विचारतील. एक कारण असे की, या तंट्याचे ताजे प्रकरण आपल्याच राजधानीत घडले. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले होते. २६ तारखेला आसामातील अहोम राजघराण्याची मोइदाम ही दफनस्थळे यादीत गेली आणि आपल्याकडे त्याचा यथोचित गौरव झाला. दुसऱ्या दिवशी सादोच्या सोन्याच्या खाणी त्याच यादीत गेल्या. ती बातमी मी आतल्या पानावर चार ओळींत वाचली. दुसरे कारण माझ्या धंद्याचे आहे. या बेटावर जपानी नोह नाट्याचा आद्य आचार्य झेआमी याने म्हातारपणी हद्दपारी भोगली. मी दरबारी पखवाज्याच्या घरात जन्मलो. राजाची मर्जी म्हणजे काय आणि ती फिरणे म्हणजे काय, हे आमच्या घरात पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मी सादो पाहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाचून आणि चित्रे पाहून जे जमले ते हे.

सादो हा जपानचा एक जुना स्वतंत्र प्रांत. दोन डोंगररांगा आणि त्यांच्यामध्ये भातशेतीचे कुनिनाका नावाचे मैदान, एवढीच त्याची ठेवण. आठव्या शतकात शोमू सम्राटाने प्रत्येक प्रांतात एक सरकारी विहार बांधण्याची आज्ञा केली; सादोतील त्या विहाराच्या पायाचे दगड या मैदानात अजून दिसतात. १८७१ च्या सुमारास जपानने जुने प्रांत मोडले आणि १८७६ मध्ये सादो निइगातात विलीन झाले. पण विलीनीकरणाने कागद बदलतात, नाव जिभेवरून जात नाही. ग्वाल्हेरकरांना हे सांगावयास नको. १९७१ साली या बेटावर ढोल वाजविणाऱ्या तरुणांचे एक मंडळ निघाले, तेव्हा त्यांनी आपल्या नावात जुन्या सादो प्रांताचेच नाव घातले होते. त्यातूनच पुढे १९८१ साली जगभर गाजलेले ‘कोदो’ हे पथक जन्मास आले.

हा प्रांत राजधानीपासून दूर आणि समुद्राने वेढलेला, म्हणून तो काळ्या पाण्याची जागा झाला. १२२१ साली शोगुनशाहीविरुद्धच्या युद्धात हरलेला माजी सम्राट जुंतोकू येथे पाठविला गेला आणि वीस वर्षांनंतर, १२४२ साली, येथेच मेला. दरबारी रीतिरिवाजांवर त्याने एक ग्रंथ लिहिला आहे. राजाने प्रथम विद्या संपादावी आणि तिच्या खालोखाल वाद्यसंगीत, असा क्रम त्यात लावलेला आहे. (आमच्या संगीत विद्यालयांच्या अनुदानाचे कागद ज्यांच्या टेबलावरून जातात त्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा.) त्यानंतर १२७१ साली बौद्ध भिक्षू निचिरेन आला. मोडक्या झोपडीत बर्फाचे हिवाळे काढून त्याने आपले मुख्य ग्रंथ येथेच लिहिले आणि १२७४ मध्ये तो माफी मिळून परतला. १२९८ साली क्योगोकु तामेकाने नावाचा दरबारी कवी आला. आज सादोतील प्रेक्षणीय स्थळांची यादी उघडावी तर त्यांतली पुष्कळशी या मंडळींच्याच पायधुळीची आहेत: राजाचे लाकडी निवासस्थान होते ती जागा, त्याची समाधी, निचिरेनच्या झोपडीच्या जागी उभे राहिलेले मंदिर. ज्यांना मनाविरुद्ध येथे आणून टाकले, त्यांच्याच आठवणींवर या बेटाने आपला मान उभारला आहे. वारसायादीच्या वादात ही गोष्ट कोणी बोलून दाखविताना मला आढळले नाही. पण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता झेआमी. याचा बाप कानआमी नट होता. बापलेकांचा खेळ शोगुन योशिमित्सूने पाहिला, तेव्हा मुलगा बारा वर्षांच्या आसपास होता. शोगुनची मर्जी बसली आणि रस्त्यावरच्या खेळाला राजदरबाराची पायरी मिळाली. झेआमीने नाटके लिहिली, भूमिका केल्या आणि आपली विद्या ग्रंथांत मांडली. ते ग्रंथ घराण्याबाहेर जाऊ द्यावयाचे नाहीत असा दंडक होता. आपल्याकडच्या उस्तादांच्या वह्यांसारखाच. त्यांचा मोठा संग्रह छापून लोकांसमोर आला तो १९०९ साली, योशिदा तोगो या निइगाताकडच्याच इतिहासकारामुळे. प्रत्येक खेळाला, किंबहुना प्रत्येक आवाजाला, जो-हा-क्यू अशा तीन गती असाव्यात, हे झेआमीचे म्हणणे. संथ आरंभ, मग उलगडा, मग जलद शेवट. विलंबितातून द्रुतात जाणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुढे शोगुन बदलला. नव्या शोगुनला, योशिनोरीला, झेआमीचा पुतण्या आवडे. म्हाताऱ्याला दरबार बंद झाला. ज्याच्यावर त्याची सारी भिस्त तो मुलगा मोतोमासा १४३२ साली वारला, आणि १४३४ साली वयाच्या सत्तरीनंतर झेआमीला सादोला पाठविण्यात आले. कारण कोठेही नोंदलेले नाही. दरबारी माणसाला कारण कळविण्याची चाल तेव्हा नव्हती. पुढेही ती फारशी पडली नाही.

बेटावरून त्याने १४३६ साली ‘किंतोशो’, म्हणजे सोन्याच्या बेटाचे पुस्तक, ही लहान गेय प्रकरणांची पोथी लिहिली. तीत आपल्या अन्यायाचा पाढा वाचलेला नाही. एका प्रकरणात त्याने जुंतोकू सम्राटाच्या राहत्या जागेची आठवण काढली आहे, तर दुसऱ्यात तामेकाने कवीची आणि कोकिळेच्या जातीच्या एका पक्ष्याची. म्हणजे दोनशे वर्षांमागे हद्दपार झालेल्याचे स्मरण नवा हद्दपार करतो आहे. पुढे झेआमीचे काय झाले, कोठे मेला, याचा पत्ता नाही. तो जेथे राहिला त्या शोहोजी मंदिरात त्याने बरोबर आणला असे म्हणतात तो एक मुखवटा आहे. पाऊस पडेनासा झाला की तो बाहेर काढून देवाला आळवीत. जून महिन्यात त्या मंदिरात मेणबत्त्यांच्या उजेडात नोह होतो.

झेआमी आला म्हणून सादोत नोह रुजला, अशी लोकांची समजूत आहे. ती गोड आहे, पण खरी नाही. नोह आला तो सोन्यामागून. १६०१ साली आइकावाच्या डोंगरात सोन्यारुप्याची मोठी शीर सापडली आणि तोकुगावा शोगुनशाहीने बेट थेट आपल्या हाताखाली घेतले. तेथे नेमलेला सुभेदार ओकुबो नागायासू हा स्वतः एका नटाचा मुलगा. १६०४ साली बेटावर येताना त्याने नोहचे कलावंत आणि वादक बरोबर आणले. खाण चालवावयास आलेल्या माणसाच्या सामानात छिन्न्यांच्या जोडीला ढोलक्या असाव्यात, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. हा गृहस्थ १६१३ साली वारला. लगेच त्याच्यावर अफरातफरीचा ठपका आला, मालमत्ता जप्त झाली आणि त्याचे सातही मुलगे मारले गेले. पण ढोलक्या बेटावर राहिल्या. सरदारांचा खेळ पुढे शेतकऱ्यांनी उचलला. गावोगावच्या देवळांपुढे मंच उभे राहिले. एके काळी असे दोनशेहून अधिक होते आणि आजही तीसहून अधिक उभे आहेत. दाइझेन देवस्थानाचा मंच १८४६ सालचा. गवताने शाकारलेले छप्पर, मागच्या फळीवर पाइनचे झाड आणि शेजारी सूर्य रंगविलेला. जपानच्या इतर भागांत नोह ही शहरी जाणकारांची चीज. येथे मात्र भात लावणारा माणूस मुखवटा बांधतो.

पखवाज्याच्या मुलाला या वाद्यांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. नोहमध्ये एक बासरी आणि दोन हातढोलक्या. काही खेळांत काठीने वाजवायचा तिसरा ढोल. खांद्यावर धरायच्या लहान ढोलकीचे कातडे ओलसर ठेवावे लागते. वादक वाजवता वाजवता त्यावर फुंकर घालतो. मोठीचे कातडे उलट खेळापूर्वी निखाऱ्यांवर धरून कडकडीत वाळवतात. आम्ही पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतो ती याच हिशेबातली. आणि दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ते वादक तोंडाने हाक घालतात. आमच्याकडे खालीची मात्रा हात उघडून मुकाट्याने दाखवितात; तेथे ती ओरडून भरतात. जेथे ठोका नाही तेही तालातच मोजले जाते, एवढे मात्र दोन्हीकडे सारखे.

सोन्याकडे वळतो. आइकावाच्या डोंगराचे शिखर वरपासून खाली चिरल्यासारखे दुभंगलेले आहे. शीर खणता खणता माणसांनी हातांनी केलेले ते काम. १६०१ पासून खाण बंद पडली त्या १९८९ पर्यंत ७८ टन सोने आणि २,३३० टन चांदी निघाली. बोगद्यांची एकूण लांबी सुमारे ४०० किलोमीटर भरते. खोल जावे तसतसे पाणी साचे. ते वाहून नेण्यासाठी १६९१ ते १६९६ या काळात सुमारे एक किलोमीटर लांबीचा भुयारी चर खोदला. काम एकाच वेळी अनेक तोंडांनी सुरू केले आणि डोंगराच्या पोटात ती तोंडे बिनचूक जुळली. तो चर आजही पाणी वाहतो. खडकाने मऊ व्हावे म्हणून देवाला आळविण्याचे एक गाणेही खाणकऱ्यांत होते. ‘यावारागी’ हे त्याचे नाव आणि मऊपणा हाच त्याचा अर्थ.

पण चराच्या पातळीखालचे पाणी हातांनीच उपसावे लागे, आणि त्या कामाला माणसे टिकत नसत. म्हणून १७७८ पासून एदो आणि इतर शहरांतून बेवारशी माणसे पकडून येथे पाठवू लागले. बेवारशी म्हणजे गावच्या नोंदवहीतून ज्यांचे नाव खोडले गेले आहे ते; सगळेच गुन्हेगार नव्हेत. शोगुनशाहीच्या अखेरपर्यंत अशी सुमारे १,८०० माणसे आली. १८५३ साली त्यांच्यातल्या २८ जणांसाठी उभारलेले थडगे आइकावात आहे.

यानंतरचे पर्व आजच्या तंट्याचे. मेइजी काळात सरकारने खाणीत पाश्चात्त्य यंत्रे आणली आणि १८९६ मध्ये ती मित्सुबिशीकडे गेली. १९३९ पासून, जपानी तरुण युद्धावर जाऊ लागल्यावर, त्या वेळी जपानच्या अमलाखाली असलेल्या कोरियातून सुमारे दीड हजार माणसे या खाणीत आणली गेली. आरंभी भरती, मग सरकारी मध्यस्थी आणि शेवटी कायद्याची सक्ती, अशा पायऱ्या. भूगर्भातील धोक्याच्या कामांवर त्यांचे प्रमाण जपान्यांहून जास्त होते, हे आता तेथील सरकारी संग्रहालयाच्या फलकांवरही लिहिलेले आहे.

जपानने युनेस्कोकडे जे नामांकन पाठविले त्यात काळाची मर्यादा घातली होती: सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत. या मर्यादेला कोरियाने लबाडी म्हटले. मला ती सर्वस्वी लबाडी वाटत नाही. इतर देशांत यंत्रे आली तेव्हा सादोत हातांनी सोने काढण्याची विद्या कळसाला पोहोचली होती, हा मुद्दा खराच आहे. कोणतेही नामांकन काळ ठरवूनच होते. २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले याच यादीत गेले; तेथेही सतरावे ते एकोणिसावे शतक हीच चौकट होती, आणि त्यात आपणांस काही वावगे वाटले नाही. शिवाय युनेस्कोच्या सल्लागार संस्थेने जून २०२४ मध्ये जो शेरा दिला तो वाचण्यासारखा आहे. नंतरच्या काळाचे अवशेष जेथे मुख्यत्वे आहेत तो भाग वगळा, असे तिने सांगितले. आणि त्याच दमात असेही सांगितले की, खाणीचा इतिहास मात्र आरंभापासून शेवटपर्यंत पूर्ण सांगा. जागा कमी करा, हकीकत कमी करू नका. दोन्ही गोष्टी एकदम करता येतात, आणि शेऱ्याचा अर्थ समजावयास अवघडही नव्हता.

जपानने दिल्लीत दोन्ही कबूल केल्या, तेव्हा कोरियाचा विरोध मावळला. लगोलग आइकावाच्या संग्रहालयात मजुरांविषयीचे दालन उघडले आणि दर वर्षी शोकसभा भरविण्याचे वचन दिले गेले. बिघडले ते एका शब्दावरून. दालनात आणि सभेतल्या भाषणांत धोका आला, कष्ट आले, युद्धकालीन धोरण आले; बळजबरी हा शब्द आला नाही. २०१५ साली हाशिमाच्या कोळसा खाणीबाबत दिलेल्या वचनांची आठवण कोरियाला होतीच. तो विषय समितीपुढे पुन्हा घेण्याचा त्याचा प्रयत्न २०२५ मध्ये मतदानात पडला. दोन्ही सरकारांना आपापल्या घरचे मतदार आहेत, हेही विसरून चालणार नाही. एक शब्द उच्चारल्याने तोकियोतले मंत्री अडचणीत येतात, न उच्चारल्याने सोलमधले.

मधल्यामध्ये भरडते ते बेट. १९५० च्या सुमारास तेथे सव्वा लाख वस्ती होती, आता पन्नास हजारांच्या आतबाहेर. मंचावर मुखवटा बांधावयास आणि ढोलकी खांद्यावर घ्यावयास तरुण मिळणे कठीण झाले आहे. यादीत नाव आले म्हणजे प्रवासी येतील, प्रवासी आले म्हणजे मुले थांबतील, अशी तेथल्या लोकांची आशा आहे. तिला मी नावे ठेवणार नाही. आमच्या शहरालाही २०२३ साली युनेस्कोने संगीतनगरी म्हणून मान दिला, तेव्हा मीही पेढे वाटले होते.

त्या आनंदात एका संस्थेने दरबारी संगीताची एक सुबक पुस्तिका काढली. गवयांची नावे झाडून सारी होती. माझे वडील १९४६ साली, पंधराव्या वर्षी, आजोबांच्या हाताखाली दरबारात लागले; दोनच वर्षांत रियासत विलीन झाली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. पुस्तिकेत ना आजोबा, ना वडील, ना साथीचा दुसरा कोणी. विचारले तर उत्तर मिळाले की, जागा नव्हती. आजोबांचे नाव मला शेवटी सापडले ते दसऱ्याला नोकरांना पोशाखाचे कापड वाटले त्याच्या यादीत. खाणीत मेलेल्यांच्या दुःखाशी मी याची बरोबरी करीत नाही; दरबाराने आम्हांला पोसले होते. पण जागा नव्हती हे उत्तर कसे लागते, ते मला ठाऊक आहे.

आणि आमचा किल्ला तरी काय सांगतो? ध्रुपदाचा पोशिंदा राजा मानसिंग तोमर (१४८६–१५१६) याने बांधलेले मानमंदिर आम्ही पाहुण्यांना हौसेने दाखवितो. त्याच महालाखालच्या तळघरांत मोगलांनी पुढे बंदी ठेवले. औरंगजेबाचा भाऊ मुराद याला १६६१ साली या किल्ल्यावरच मारले. गुरू हरगोविंदांना जहांगिराने येथेच कोंडले होते आणि त्या आठवणीचा गुरुद्वारा किल्ल्यावर नांदतो आहे. वाटाडे वरच्या मजल्यावर ध्रुपदाची गोष्ट सांगतात आणि खाली उतरून कैद्यांची. पाहुणे दोन्ही ऐकतात, आणि कोणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

सादोतही माणसे वरून खाली उतरू शकतील, पण त्यासाठी नावे हवीत. झेआमीचे नाव साऱ्या जगाला माहीत आहे. सम्राटाच्या समाधीची निगा सरकार राखते. पाणी उपसणाऱ्यांतल्या २८ जणांनाही एक दगड मिळाला. त्या दीड हजार कोरियनांची नावे पूर्ण यादीने प्रसिद्ध करावीत, अशी वारसांची मागणी आहे. आजवर त्यांतली चारेकशे नावे कळली आहेत, तीही कोणत्या स्मारकावरून नव्हेत. वसतिगृहांत मजुरांना तंबाखूचा शिधा वाटीत, त्याच्या वाटपाच्या वह्या राहून गेल्या आहेत. कोणाला किती विड्या दिल्या, एवढेच लिहिण्यासाठी कारकुनाने ती नावे एकाखाली एक मांडली होती.